कोपराच्या खाली

११ जून

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी दुसरं पान वाच. कामाचं सगळं तिथे आहे.

पहिल्या पानावर एवढंच, की तुझा पत्ता बाबांनी दिलेला नाही. तो मला एका ऑफिसच्या पत्रात सापडला. तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांचा गुडघा आहे तसाच आहे. गुडघ्यामुळे भाजी आणायला जमत नाही, पण गच्चीच्या बावीस पायऱ्या रोज जमतात. हातात फोन घेऊन कुंड्यांना पाणी घालायला जातात आणि चाळीस मिनिटांनी खाली येतात. कुंड्या सहा आहेत. मी निवृत्त होऊन चौदा महिने झाले. घरात बसून मला सगळं दिसतं, विचारत नाही इतकंच.

आता दुसरं पान.

काल आपल्या रुग्णालयातला रेकॉर्डचा कारकून घरी आला होता. तू भाजलेल्यांच्या रुग्णालयात नर्सच्या जागेसाठी अर्ज केलास, हे मला त्याच्याकडून कळलं. सहा वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिल्यावर परत वॉर्डात यावंसं वाटलं, हे योग्यच झालं. तिथल्या मुख्य परिचारिकेचं पत्र मी दोनदा वाचलं. तुझं काम आठ दिवस पाहिलं आणि ते आवडलं, असं तिने स्वच्छ लिहिलं आहे. अडलंय ते जुन्या अहवालावर. ‘या नर्सने परवानगी नसताना हाताला चिकटपट्टी लावून ड्रेसिंग केली, पट्टीखाली जंतू वाढले आणि दोन रुग्णांच्या जखमा चिघळल्या’ हे खरं आहे का, असं ती विचारते. आणि हातावरचं गोंदण झाकायची बाईची तयारी आहे का, हेही. उत्तर पंधरा जुलैच्या आत हवं आहे. नाही पोचलं तर अहवाल खरा धरतील आणि जागा दुसरीला जाईल.

कारकून म्हणाला, “सही तुमची आहे मॅडम, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला दाखवावं. नव्या मेट्रनबाई म्हणतात, ‘रेकॉर्डप्रमाणे बरोबर आहे’ असं एका ओळीत कळवून टाका.”

मी त्याला थांबायला सांगितलं आहे. माझं म्हणणं असं की तेव्हा ‘सूचना देण्याघेण्यात गोंधळ झाला, नर्स कामाला चोख होती’ असं काहीतरी मी लिहून देईन. तू अर्जात काय लिहिलं आहेस ते ताबडतोब कळव, म्हणजे दोघींचं जुळेल.

गोंदणाची सोयही मी पाहिली आहे. पलीकडच्या इमारतीत एक नाटकवाला राहतो, नटांची तोंडं रंगवणारा. त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, “बाई, या वयात काय लपवताय?” मी म्हटलं, तुमच्या कामाचं बोला. तर कृती अशी: काळपट निळ्या रंगावर आधी नारिंगी लेप पातळ लावायचा, तो वाळला की कातडीच्या रंगाचा, मग पावडर थापायची, वर फवारा. मी स्वतःच्या हातावर धोब्याच्या शाईने रेघा ओढून करून पाहिलं. साबणाच्या बावीस धुण्यांना टिकलं. स्पिरिटने मात्र सातव्या वेळी सुटतं. तेव्हा दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा एकदा लावावं लागेल. तिन्ही डब्या वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. पट्टीची गरजच नाही.

आई


२४ जून

पार्सल परत आलं. ‘घेण्यास नकार’ असा शिक्का आहे. पत्र परत आलं नाही, म्हणजे ते तू घेतलंस.

परवा बाबा गच्चीवरून खाली आले तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशीच उभी होते.

“काय म्हणाली?”

“कोण?”

“कुंडी.”

ते पायरीवर बसले. आधी हसले, मग गुडघा चोळला, मग सांगितलं. तू अर्जात लिहिलं आहेस की पट्टी तू आपल्या मर्जीने लावली नव्हतीस. कुणी लावायला सांगितली ते मात्र लिहिलेलं नाहीस.

“मग तुम्हाला काय वाटतं, कुणी सांगितली असेल?” मी विचारलं.

“मला वॉर्डातलं काय कळतं? मी आपला पोस्टातला माणूस. पत्ता असेल तिथे पत्र टाकायचं.” मग म्हणाले, “तू मात्र रंगाच्या डब्या पाठवतेस. तिने काय मागितलं आणि तू काय पाठवलंस!”

तिने काहीच मागितलेलं नाही, असं मी म्हणाले. ते म्हणाले, “तेच तर.”

तुला वाटत असेल की मी मुद्द्याला बगल देते आहे. तर मुद्दा घे. दिसणारं गोंदण कामावर झाकलं पाहिजे, हा नियम मी केलेला नव्हता, माझ्या आधीच्या मेट्रनच्या वेळचा होता. कोपराच्या खाली काही नको, हा दुसरा. घड्याळ नको, अंगठी नको, बांगडी नको, बाही नको. हात कोपरापर्यंत उघडा आणि धुतलेला. दोन्ही नियम भिंतीवर शेजारी शेजारी लावलेले होते. कोपराच्या खाली गोंदण असेल तर दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत, हे लिहिणाऱ्याला सुचलं नसावं. अशा वेळी वरिष्ठाने निर्णय द्यायचा असतो. मी दिला. पट्टी लाव म्हटलं.

तू तेव्हा म्हणालीस, “मॅडम, पट्टी ओली राहते. दर ड्रेसिंगनंतर बदलायला हवी. पाळीला एकच मिळते.” सगळ्यांसमोर तू मला मॅडमच म्हणायचीस, त्यात चूक नव्हती. तू तेच कागदावर लिहूनही दिलंस. पट्ट्यांचा तुटवडा होता, मी तरी कुठून आणणार होते? तो कागद पुढे चौकशीत सापडला नाही.

उत्तर लवकर दे. दिवस कमी आहेत.

आई


५ जुलै

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहत बसले नाही, शिंप्याकडे जाऊन आले.

तुला आठवतो ना? पोटाचं ऑपरेशन झालेला, खाटेवर बसून वॉर्डाच्या पडद्यांच्या शिवणीला नावं ठेवणारा. दोन जखमा चिघळल्या त्यातली मोठी त्याची. दुसरी बाई पंधरा दिवसांत बरी होऊन गेली. हा तीन महिने पडून राहिला आणि दोनदा पुन्हा टेबलावर गेला. मला वाटत होतं तो आता नसेल. आहे. दुकान पुतण्या चालवतो. हा मागच्या खोलीत असतो. मशीनवर चादर टाकून ठेवली आहे, कारण पोटावर वाकून बसता येत नाही. हाताने काजं करतो, दिवसाला आठ-दहा सदऱ्यांची. मी गेले तेव्हाही सुई चालूच होती.

मला ओळखलं त्याने. “मोठ्या बाई तुम्ही. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय.”

मी कशासाठी आले ते मलाच नीट सांगता येईना. तब्येत विचारली. त्याने सदरा वर करून व्रण दाखवला. वाईट भरला आहे. मग तोच म्हणाला, “त्या पोरीला काढलीत ना तुम्ही?”

“चौकशी समितीने काढलं.”

“तेच ते. पोरगी गुणाची होती हो. तिची पट्टी सदा ओली, कडा सुटलेल्या. मी म्हटलं, बाळ, काढून टाक की ती, हात कुजेल. तर म्हणते, ‘काढली तर मोठ्या बाई मला घरी पाठवतील, मग तुमची जखम कोण बघणार?’ मी समितीला सांगणार होतो. पण मला कुणी विचारलंच नाही. साक्षीदारांच्या यादीत पेशंट नसतो का?”

नव्हता. यादी मी केली होती.

निघताना तो म्हणाला, “चूक शिवणीची नव्हती, बेतण्याची होती. शिवणारी उगाच बोलणी खाते.” आणि परत काजाला लागला. मला रागावला असता तर बरं झालं असतं.

बसस्टॉपपर्यंत चालत आले. तीन बस सोडल्या.

मागच्या पत्रात लिहिलं की तुझा कागद चौकशीत सापडला नाही. हे वाक्य बरोबर नाही. तो मी फाडला होता, तू दिलास त्याच दिवशी, तुझी पाठ वळल्यावर. पट्ट्यांचा तुटवडाही तितका नव्हता. माझ्या कपाटात एक खोका भरलेला होता. तुला दर वेळी नवी पट्टी दिली असती तर दर वेळी माझ्यासमोर पट्टी बदलली गेली असती. ते मला नको होतं. का नको होतं, ते अजून लिहिता येत नाही.

चौकशीत समितीच्या डॉक्टरांनी तुला विचारलं, “ही पट्टी कुणाच्या सांगण्यावरून लावली?” तू माझ्याकडे पाहिलंस. मी समोरच्या फायलीचा बंद सोडला आणि परत बांधला. तू म्हणालीस, “मला काही सांगायचं नाही.” मी त्याखाली सही केली.

मी तेव्हा स्वतःला समजावलं की तू हट्टाने गप्प बसलीस. लहानपणापासून तुझं तसंच होतं. चूक नसेल तरी तोंड उघडायची नाहीस. सहा वर्षं मी हेच समजावते आहे.

आई


११ जुलै

सोबत नक्कल जोडली आहे. मूळ प्रत भाजलेल्यांच्या रुग्णालयाला, एक आपल्या रुग्णालयाला, एक परिचर्या परिषदेला. तिन्ही काल हातोहात पोचवल्या, पोस्टावर विसंबले नाही. तसं आधी ठरवलं तेव्हा बाबांना त्याचा थोडा राग आला होता. पोच घेतल्या आहेत. पंधरा तारखेच्या आत आहे.

त्यात ‘गोंधळ’, ‘गैरसमज’ असा एकही शब्द नाही. पट्टी लावण्याचा तोंडी हुकूम माझा. लेखी तक्रार मिळाली होती, ती मी नष्ट केली. पट्ट्या असून दिल्या नाहीत. साक्षीदारांची यादी मी केली आणि त्यात रुग्ण घेतला नाही. अहवाल खोटा आहे हे माहीत असून सही केली. नर्सचा दोष नाही. एवढं सहा परिच्छेदांत आहे. खाली पूर्ण नाव, पद, निवृत्तीची तारीख.

कारकुनाने वाचलं आणि म्हणाला, “मॅडम, एवढं सगळं कशाला? वरचे दोन परिच्छेद पुरले असते.” मी म्हटलं, पोच दे.

हे पत्र इथेच संपवायला हवं होतं. पण मला त्यापुढचं सांगायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

पाठवण्याआधी मजकूर मी बाबांना वाचून दाखवला. दुपारी, जेवणं झाल्यावर, टेबलाशी. लेखी काही बाहेर पाठवण्याआधी एकाने ऐकावं, ही माझी जुनी सवय. वॉर्डातही तसंच करायचे. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “चांगलं केलंस.” मग, “पण एक सांग. मानेवर विंचू असलेला तो नर्स होता ना तुमच्याकडे? विंचूदादा म्हणायचे पेशंट त्याला. त्याला कधी पट्टी लावलीस?”

“नाही.”

“ऑपरेशन थिएटरमधली ती बाई, मनगटाला वेल होती जिच्या?”

“नाही.”

“मग हिलाच का?”

बघ, समितीत चार माणसं बसली होती, एकालाही हे सुचलं नाही. पोस्टातल्या माणसाला सुचलं.

त्यांना वाटत होतं की तुझ्या हातावर तुझ्या भावाचं नाव आहे. मी सांगितलं, नाव नाही. त्याच्या अक्षरात तीन शब्द आहेत. ‘ताई, सहाला उठव.’

ती चिठ्ठी त्याने परीक्षेच्या आदल्या दिवशी तुझ्या डब्याखाली ठेवली होती. तुझी पाळी लवकरची होती. निघताना तू ती माझ्या आरशाला चिकटवलीस आणि म्हणालीस, “आई, मी निघाले, तू उठव हं त्याला.” मी हो म्हटलं. बाबा तेव्हा बदलीच्या गावी होते.

मी सगळ्यांना सांगितलं की मी सहाला उठवलं, तो ‘हो’ म्हणाला आणि परत झोपला. पोलिसांना हेच सांगितलं, बाबांना हेच सांगितलं, तुलाही हेच.

मी उठवलं नाही. विसरले असते तर गोष्ट वेगळी होती. मी विसरले नाही. त्या महिन्यात तो चार वेळा उशिरा उठला होता, दर वेळी कुणीतरी धावपळ करून त्याला पोचवलं होतं. एकोणीस वर्षांचा मुलगा, आणि बहिणीला चिठ्ठ्या लिहितो. मी ठरवलं, एकदा फजिती होऊ दे, जन्मभर लक्षात राहील. सहा वाजले, मी स्वयंपाकघरात बसले होते. साडेसहा वाजले. सातला तो आपला आपण उठला, दात घासता घासता सगळं घर डोक्यावर घेतलं, “आई, काय गं हे” म्हणाला आणि स्कूटर काढून गेला. वळणावर दुधाची गाडी होती.

बाबांनी सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, “सहा ते सात तू काय करत होतीस?”

“चहा घेत होते.”

त्यांनी मान हलवली, जणू पत्ता बरोबर आहे का ते पाहून पाकीट खणात टाकलं. उठून आपली ताटली धुतली, ती कधी धुवत नाहीत, आणि आत गेले.

वर्षाने तू हातावर ते करून घेतलंस आणि वॉर्डात आलीस. सलाइन लावायला हात पुढे केलास आणि मला ते दिसलं. तुला ती भावाची आठवण होती. माझ्यासाठी ती दर पाळीला, दर खाटेशी, मला विचारलेली गोष्ट होती. म्हणून पट्टी. नियम होता, म्हणून मला बरं सापडलं.

शाई कातडीच्या आत असते. ती हाताबरोबर धुतली जाते, स्वच्छ राहते. पट्टी राहत नाही. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. मी ते वर्षानुवर्षं विद्यार्थिनींना शिकवत होते.

आई


२३ जुलै

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांत पहिलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी ते स्वयंपाकघरात नेलं, बाहेरच्या खोलीत नेलं, शेवटी जिन्यात उभी राहून वाचलं.

नोकरीचं कळलं. तीन ऑगस्टपासून, सकाळची पाळी. तिथली मुख्य परिचारिका गोंदण झाकायला नको म्हणाली, ‘धुता येतं ते उघडं ठेवा’ म्हणाली, तेही वाचलं. शहाणी बाई दिसते. आपल्या रुग्णालयाने अहवाल मागे घेतला आहे. त्यांनी मलाही एक पत्र पाठवलं आहे. यापुढे परीक्षक म्हणून बोलावणार नाहीत, आणि नर्सिंगच्या शाळेच्या भिंतीवरून माझा फोटो काढला आहे. बरोबर केलं.

आता तुझ्या पत्राच्या बाकीच्या ओळी. त्या मी इथे उतरवते, म्हणजे तुला कळेल की मी त्यांतला एकही शब्द सोडलेला नाही.

‘मला माहीत होतं. त्याने सात वाजता वॉर्डात फोन केला होता. हसत होता. म्हणाला, ताई, आज आईने धडा शिकवलाय, बसून राहिली पण उठवलं नाही. मी म्हटलं, पळ आता. तेच शेवटचं. नंतर तू सगळ्यांना सांगितलंस की उठवलं होतं, आणि बाबांनी तुझा हात हातात घेतला. ते म्हणाले, हिने तर उठवलं होतं, बिचारीने. तेव्हा मी ठरवलं की हे असंच राहू दे. बाबांचा एक मुलगा गेला, बायको तरी राहू दे. चौकशीत मी बोलले असते तर ‘तुलाच का’ असं कुणीतरी विचारलं असतं आणि सगळं बाहेर आलं असतं. म्हणून बोलले नाही. ते तुझ्यासाठी नव्हतं. तू पट्टीबद्दल खरं लिहिलंस, त्याचे आभार. पण बाबांना का सांगितलंस? ते मी नऊ वर्षं सांभाळलं होतं.’



मला वाटत होतं की तुझं देणं मी माझ्याकडचं खर्चून फेडलं. फोटो, नाव, परिषदेसमोरची इज्जत, सगळं माझं होतं, जायला हरकत नव्हती. जे गेलं ते तू सांभाळलेलं होतं, आणि ते तुला न विचारता गेलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसू शकले असते. गप्प बसणं मला चांगलं येतं. नेमकं त्या दिवशी मला खरं बोलण्याचा उत्साह आला.

ते कसे आहेत, असं तू शेवटी विचारलं आहेस. ओरडले नाहीत, रडले नाहीत. वेळेवर जेवतात. मला ‘मीठ’ म्हणतात, ‘दिवा’ म्हणतात, एवढंच. गच्चीवरून पाच मिनिटांत खाली येतात. तुलाही फोन करत नाहीत ना? मला वाटलंच. त्यांना वाटतं की तुला यातलं काही माहीत नाही आणि आपल्या आवाजातून कळेल. मी त्यांना तुझं पत्र दाखवलेलं नाही. या वेळी आधी विचारते. दाखवू?

आई


३० जुलै

हे पत्र बाबांच्या पिशवीतून येतं आहे. तुझं उत्तर फोनवर आलं, तू ‘दाखव’ म्हणालीस, मी दाखवलं. सहा वर्षांनी आपण बोललो ते अर्धं मिनिट, पण आवाज ओळखलास, तेवढं पुरे.

त्यांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “मी तिच्याकडे जातो.”

“किती दिवस?”

“बघू.”

एकोणीस दिवसांत त्यांनी माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब संभाषण. त्यात माझं अर्धं होतं.

आता नीट लक्ष दे. रक्तदाबाची गोळी सकाळी, चहाच्या आधी. गुडघ्याची कधीही उपाशीपोटी नको, पित्त होतं. घ्यायची विसरतात आणि घेतली म्हणतात. डबीला वारांचे खण केले आहेत, तू मोजत जा. तुझी पाळी सकाळची असेल तेव्हा त्यांना एकट्याला जिना उतरू देऊ नकोस, कठडा असला तरी. रागावले तर रागावू दे. जेवताना रेडिओ लागतो. मोठ्याने लावतात, शेजारी काही म्हणाले तर त्यांना सांग की म्हातारा आहे, थोडे दिवस आहे. थोडे दिवस असतील असं समजून मी कपडे आठ दिवसांचे दिले आहेत. जास्त राहावंसं वाटलं तर राहू दे. मला पत्ता आहे, बाकीचे पाठवीन. त्यांना परत पाठवायची घाई तू करू नकोस, माझ्या वतीने तर अजिबात नको.

मी बरी आहे. शिंप्याकडे मंगळवार-शुक्रवार जाते, त्याच्या पोटाचा व्रण ओलावतो अजून, तो साफ करून देते. त्याने हो म्हणायला दोन आठवडे घेतले.

आणखी एक राहिलं. तुझ्या भावाच्या वह्या, चिठ्ठ्या, परीक्षेचे कागद, सगळं मी महिन्याभराच्या आत बांधून रद्दीत दिलं होतं. बाबा बदलीच्या गावाहून परत आले, त्यांनी त्याचं कपाट उघडलं, उभे राहिले, बंद केलं. विचारलं नाही. त्याच्या हाताने लिहिलेलं एक अक्षर या घरात नाही. आणि तू घरी यायचीस तेव्हा ‘बाबांना त्रास होईल’ म्हणून मी तुला लांब बाह्या घालायला लावत होते. त्रास त्यांना होणार नव्हता.

दार उघडशील तेव्हा बाही वर असू दे. त्यांना जवळचं दिसत नाही आता. चष्मा पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला आहे, पुसून.

आई